संकष्टीचा चंद्र, साडेसहा वाजता

माझ्या कादंबरीत संकष्टीचा चंद्र संध्याकाळी साडेसहाला उगवला.

तो तसा उगवत नाही, हे पुण्यात ज्याने ज्याने एकदा तरी साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढलाय त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तर गेली कित्येक वर्षं मी शाळाशाळांतून एक टॉर्च, एक पृथ्वीचा गोल आणि एक टेनिसचा चेंडू घेऊन हेच समजावत हिंडतो आहे. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता चंद्र वर येतो. मग रोज पाऊण-एक तास उशीर करत करत चतुर्थीला त्याला नऊ-साडेनऊ वाजतात. “म्हणून, मुलांनो, संकष्टीच्या दिवशी आईशी वाद घालू नये,” असं मी शेवटी म्हणतो. मुलं हसतात, मागे बसलेल्या बाई हसत नाहीत.

तर अशा माणसाच्या कादंबरीत हे घडलं. झालं असं की, मूळ प्रकरणात पौर्णिमाच होती. नायक-नायिका पर्वतीवर पहिल्यांदा भेटतात, इकडे सूर्य बुडतो, तिकडे शहराच्या पलीकडून भलामोठा चंद्र वर येतो, वगैरे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने प्रकरण निर्दोष होतं. फक्त त्यात काही घडत नव्हतं. मग पुस्तक छापायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला वाटलं, नायिकेचा उपास असला तर? तो तिच्यासाठी खास डाळ्यांची, म्हणजे उपासाला न चालणारी चिक्की घेऊन येतो, ती हातही न लावता खेकसते, तो दुखावतो, ती कारण सांगत नाही. झाला की संघर्ष! मी आनंदाने पौर्णिमेची संकष्टी केली, चिक्कीवर दोन पानं लिहिली आणि फाइल पाठवून दिली. चंद्राला कळवायचं राहिलं. तो बिचारा ठरल्याप्रमाणे साडेसहाला हजर झाला.

विज्ञान लिहिणाऱ्याने कादंबरी लिहू नये, असं कादंबऱ्या वाचणारे मला सांगतातच. कादंबरी लिहिणाऱ्याने विज्ञान लिहू नये, असं विज्ञानवाले सांगतात. दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही माझी एकमेव साहित्यकृती.

पण खरी अडचण टीकाकारांची नव्हती. खरी अडचण आमच्याच घरात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या बाजूच्या खोलीत राहत होती. माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून हयात काढली. ज्यांनी मोबाइलच पाहिला त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवून ऑपरेटर जोडून देईल तोवर वाट पाहायची, आणि बोलणं सुरू झालं की तीन मिनिटांनी मध्येच तिचा आवाज यायचा, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” या वाक्याने त्यांनी कितीतरी प्रेमं, भांडणं आणि वारसाहक्काचे वाद मधूनच तोडले असतील. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सवय गेलेली नाही. मी जेवताना कृष्णविवरांबद्दल बोलायला लागलो की वरणावर तूप घेता घेता त्या म्हणतात, “तीन मिनिटं झाली.” आणि वाढवू का, हे विचारत नाहीत.

त्यांनी माझं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांचा त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. “दिवसभर ऐकतेच आहे, आणखी वाचू कशाला?” माझी विज्ञानाची पुस्तकं त्यांच्या खोलीत होती, नाही असं नाही. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्यातलं सर्वांत जाड पुस्तक दाराशी ठेवलेलं असे. ते गुरुत्वाकर्षणावरचं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

ही कादंबरी मात्र त्यांचीच होती. म्हणजे नायिका पुण्याची ट्रंक ऑपरेटर आणि नायक सोलापूरचा. दोघांची ओळख नुसत्या आवाजाची. “पुणे, सोलापूर बोलतोय,” यावर प्रेम जमतं. माझे सासरे सोलापूरच्या एक्स्चेंजमध्ये होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या गोष्टी सासूबाईंनी मला कधी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, कधी दवाखान्याच्या बाकावर तुकड्या-तुकड्याने सांगितल्या होत्या. मी त्या ऐकल्या, साठवल्या आणि न विचारता पुस्तक केलं. पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवली. पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो, समीक्षकांना काय वाटायचं ते वाटो. मला एवढंच हवं होतं की या बाईने ते शेवटपर्यंत वाचावं आणि काहीतरी बोलावं.

आणि त्या वाचायला लागल्या! रोज दुपारी चहाच्या आधी. खूण म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घालत. त्या देवळात गेल्या की मी त्यांच्या खोलीत जाऊन पट्टी कुठवर आली ते बघून येई. कुंडीत पेरलेलं उगवलं का हे लहान मूल माती उकरून बघतं, तसं. पट्टी सरकत होती. एकदा तर आतून त्यांचं हसणं ऐकू आलं. मी बायकोला धावत जाऊन सांगितलं, “आई हसल्या!” ती म्हणाली, “अहो, फोनवर मावशी आहे.”

मग पट्टी थांबली.

एक दिवस थांबली, दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या खोलीतला पंखा पुसायला स्टुलावर चढलो. आमच्या लग्नानंतर पंखा पुसण्याची माझी ही पहिलीच वेळ असल्याने त्या सावध झाल्या.

“काय हवंय?”

“काही नाही. पुस्तक कुठवर आलं?”

“पर्वतीपर्यंत.”

“मग?”

“मग काय? संकष्टीला दिवेलागणीला चंद्र आला. म्हटलं, आपण मिटावं.”

मी स्टुलावरच होतो, हे बरं झालं की वाईट, ते सांगता येत नाही. एका क्षणात मला सगळं दिसलं. पौर्णिमा, चिक्की, टॉर्च, टेनिसचा चेंडू. पण शरण जाईल तो लेखक कसला! मी म्हणालो, “आई, वातावरणामुळे प्रकाश वाकतो. त्यामुळे चंद्र खरा क्षितिजाखाली असतानाच वर दिसायला लागतो.”

“किती आधी?”

“दोन-चार मिनिटं.”

“आणि उरलेले तीन तास?”

मी पंखा पुसला.

“ज्या माणसाला संकष्टीचा चंद्र कधी येतो ते माहीत नाही,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “त्याचं बाकीचं मी कशावरून खरं धरू? पुढे ह्यांच्याबद्दल काय काय लिहिलं असेल देव जाणे. तीन मिनिटं झाली.”

त्या आठवड्यात फोन सुरू झाले. पुण्यातला वाचक पुस्तक आवडलं तर कळवत नाही, पण चूक सापडली तर त्याच्यासारखा प्रेमळ माणूस नाही. सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी आधी माझी तब्येत विचारली, मग म्हणाल्या, “नाही, चंद्राचं वाचून काळजी वाटली.” कसबा पेठेतल्या एका निवृत्त मुस्लिम प्राध्यापकांचा फोन तर जपून ठेवण्यासारखा. अत्यंत अदबीने ते म्हणाले, “साहेब, आमचा ईदचा चंद्र पश्चिमेला, कोवळा, आणि दर्शन देऊन लगेच निघून जाणारा. शेजाऱ्यांचा संकष्टीचा पूर्वेला, उशिरा. एवढी वर्षं दोन्हीची वाट बघणारे लोक एका वाड्यात राहिलो, कधी घोटाळा झाला नाही. आपल्या पुस्तकात आहे तो कोणाचा?”

मी म्हणालो, “माझा.”

“मग मुबारक,” ते म्हणाले.

बायकोने तोडगा सांगितला. “अहो, दुसरी आवृत्ती निघते आहे ना? संकष्टीची परत पौर्णिमा करून टाका. एका शब्दाचं काम.” प्रकाशकांचंही तेच म्हणणं होतं. मी संध्याकाळी हा निर्णय सासूबाईंपुढे मांडला. माझी अपेक्षा होती की त्या खूश होऊन पुस्तक पुन्हा हातात घेतील.

“पौर्णिमा केलीत तर तिचा उपास गेला,” त्या म्हणाल्या.

“गेला.”

“मग ती त्या मुलावर एवढी खेकसते कशाला?”

उपास काढला तर माझी नायिका चिक्की आणणाऱ्या एका सज्जन माणसावर विनाकारण ओरडणारी बाई ठरत होती. “तिचं खेकसणंच तेवढं खरं आहे त्या प्रकरणात,” सासूबाई म्हणाल्या. “मी संकष्टीलाच अशी खेकसायची. तेवढं बरोबर पकडलंय. काढू नका.”

“मग चंद्र नऊला आणतो.”

“आणा. साडेसहापासून नऊपर्यंत दोघं काय करतात?”

माझ्या प्रकरणात चंद्र आल्या आल्या तो तिचा हात हातात घेतो आणि प्रकरण संपतं. अडीच तास दोन माणसं पर्वतीच्या पायऱ्यांवर नुसती बसणार म्हणजे काय करणार, याची मला सुतराम कल्पना नव्हती.

“तुम्ही कधी संकष्टी केली आहे का?”

“मी विज्ञानवादी आहे.”

“मी कुठे विचारलं तुम्ही कोण आहात? केली आहे का?”

अशा रीतीने, आयुष्यात प्रथमच, साहित्यासाठी, मी संकष्टी धरली. सकाळच्या फिरण्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. “आज माझा उपास आहे. कादंबरीसाठी.” खिचडी खाल्ली, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, केळं खाल्लं, शेंगदाणे खाल्ले. उपास म्हणजे एरवीपेक्षा जास्त खाणं, हा माझा पहिला वैज्ञानिक निष्कर्ष होता. चार वाजता लेख लिहायला बसलो, शेजारी चहा होता, आणि हात आपोआप डब्यात गेला. दुसरी खारी चहात बुडवलेली असताना दारात सासूबाई उभ्या दिसल्या. मला वाटलं, त्या रागावतील. त्या तर शांत होत्या.

“देवाला चालेल,” त्या म्हणाल्या. “तो समजून घेतो. कादंबरीला चालणार नाही. पुढच्या महिन्यात बघू.”

पुढच्या महिन्यात बायकोने खारीचा डबा शेजारी नेऊन ठेवला आणि मला दिवसभरात फक्त चहा आणि एक वाटी खिचडी मिळाली. दुपारी मी एका परिच्छेदात तीनदा ‘भूक’ हा शब्द लिहिला; लेख ज्वालामुखीवर होता. सहा वाजता मी प्रथम गॅलरीत जाऊन पूर्वेकडे पाहिलं. मला चंद्र नऊनंतर येतो हे गणिताने सिद्ध करता येतं. तरीही पाहिलं. भुकेलेल्या माणसाला गणित येत नाही, हा दुसरा निष्कर्ष.

साडेआठला सासूबाई मला घेऊन गच्चीवर गेल्या. थंडीचे दिवस होते, त्यांनी शाल घेतली होती, माझ्या हातात ताट. नैवेद्याचे मोदक फडक्याखाली झाकलेले, पण वास फडक्याला जुमानत नव्हता. गच्चीवर आमच्या सोसायटीच्या आणखी काही बायका होत्या, एक-दोन पुरुष, आणि सेक्रेटरी काका. पूर्वी इथून थेट पूर्वेचं आकाश दिसायचं, आता तिकडे एक टोलेजंग इमारत उभी राहते आहे. तिचे मजले चंद्रापेक्षा वेगाने वर येतात. फोनवर बघून कोणीतरी म्हणालं, “यात तर उगवला म्हणतायत.” लगेच वाद सुरू झाला. उगवला पण दिसला नाही, तर उपास सोडायचा की नाही? सेक्रेटरी काका सोडावा या मताचे होते, त्यांना मधुमेह आहे.

“दिसल्याशिवाय नाही,” सासूबाईंनी निकाल दिला. कोणी अपील केलं नाही.

मग साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही या विषयातले. नक्की कुठे दिसेल?”

आता एखाद्याने म्हटलं असतं, थांबा आणि बघा. पण मला या विषयातलं म्हटलं गेलं होतं. मी हात लांब केला, मूठ धरून आकाशातलं अंतर मोजलं, एक डोळा मिटला आणि त्या अर्धवट इमारतीच्या डाव्या कडेला बोट दाखवलं. आणि काय सांगू, खरोखरच तिथे, सळयांच्या मागे, एक पिवळसर गोल प्रकाश होता! “तो बघा,” मी म्हणालो. “क्षितिजाजवळच्या धुळीमुळे पिवळा दिसतोय.”

सगळ्यांनी हात जोडले. सेक्रेटरी काकांच्या पत्नींनी अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या. काका मोदकाकडे वळले. एवढ्यात चंद्र सावकाश उजवीकडून डावीकडे निघाला, थोडा थांबला आणि मग खाली उतरू लागला.

“सर,” काका म्हणाले, “हा क्रेनचा दिवा आहे.”

मग सासूबाई हसायला लागल्या. शालीत तोंड घालून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचं पाहून बाकीचे. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्या वेळी मला असं वाटलं की क्रेनसुद्धा कादंबरीत घ्यावी, पण त्या काळात एवढ्या उंच क्रेन पुण्यात नव्हत्या.

हसणं ओसरल्यावर आम्ही पाण्याच्या टाकीशेजारी बसलो. त्या आपण होऊन बोलायला लागल्या.

“हेसुद्धा असेच. लग्नानंतरची पहिली संकष्टी. यांनी कधी उपास केलेला नव्हता. म्हणाले, तू करणार तर मीही करणार. दुपारपर्यंत प्रेम होतं. सहा वाजता मला म्हणाले, तुझ्या माहेरच्यांनी मला पंगतीत मठ्ठा वाढला नाही.”

“मग?”

“मग मी म्हटलं, तुमच्या आत्याने माझ्या साडीला नाव ठेवलं. मग ते, मग मी. सात वाजेपर्यंत दोन्हीकडची सगळी माणसं संपली. मग एकमेकांचं काढलं. म्हणाले, तू फोनवर जास्त गोड बोलायचीस. म्हटलं, तिथे तीन मिनिटांनी तोडता यायचं. मग जे गप्प बसलो, ते बसलो. आठ वाजता त्यांनी विचारलं, आला का? म्हटलं, नाही. सव्वाआठला, आला का? नाही. किती वेळा विचारावं माणसाने? शेवटी मला हसू आलं. मग त्यांना. चंद्र आला तेव्हा आमचं लक्षच नव्हतं, शेजारच्यांनी सांगितलं.” त्यांनी शाल सारखी केली. “जी भांडायची ती सगळी भांडणं त्या एका गच्चीवर उरकली. पुढे नवीन काही निघालं नाही. जुनीच परत परत.”

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती आणि या खेपेस बोलत त्या होत्या.

“आला का?” मी थोड्या वेळाने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तेच,” त्या म्हणाल्या. “अगदी तस्सेच विचारायचे.”

आणि तेव्हा तो आला. इमारतीच्या उजव्या कडेने, म्हणजे मी दाखवलं होतं त्याच्या नेमकं उलट बाजूने. एका बाजूने थोडा झिजलेला, नारिंगी, आणि कुठेही न हलणारा. मी पहिला मोदक खाल्ला. त्या मोदकाबद्दल मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही, कारण मला तेवढं चांगलं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पर्वतीचं प्रकरण फाडलं आणि पुन्हा लिहिलं. आता नायक साडेसहाला चिक्की घेऊन येतो आणि नऊपर्यंत दोघं पायऱ्यांवर बसतात. भांडतात, गप्प होतात, तो “आला का?” विचारत राहतो, आणि चंद्र उगवतो तेव्हा दोघांचं लक्ष नसतं. हात हातात घेणं वगैरे काढून टाकलं, भुकेल्या माणसांना ते सुचत नाही. दुसरी आवृत्ती आली. प्राध्यापकांचा फोन आला, “आता ज्याचा त्याला मिळाला.” सदाशिव पेठेतल्या बाईंनी काहीच कळवलं नाही, म्हणजे आवडली.

सासूबाईंच्या टेबलावर मी नवी प्रत ठेवली. पट्टी पुन्हा सरकायला लागली. पर्वती ओलांडली. मी पंखा पुसला नाही. एका दुपारी त्यांच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आला नाही, चहाची वेळ टळली तरी. बायको आणि मी स्वयंपाकघरात एकमेकांकडे बघत उभे. शेवटी त्या बाहेर आल्या. डोळे थोडे लाल होते, हातात पुस्तक होतं आणि गोळ्यांची पट्टी पुस्तकात नव्हती.

“झालं वाचून,” त्या म्हणाल्या.

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.” त्यांनी चहाचा कप पुढे ओढला, एक घोट घेतला. “पर्वतीचं प्रकरण फार छान झालंय हो. अगदी हे समोर बसल्यासारखे वाटले.”

मी माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? पण मी लेखक. मी विचारलं, “आणि बाकीचं?”

“पर्वतीचं मी सांगितलेलं,” सासूबाई म्हणाल्या. “बाकीचं तुम्ही लिहिलंय. ते लगेच कळतं.”